छायाचित्र दाखवा, ठिकाण जपा
वन्यजीव छायाचित्रांची देवाणघेवाण : अभ्यासाला बळ देणारी, पण प्रसंगी पाखरांच्या जिवावर बेतणारी

जून महिन्यात कोकणात पावसाने जोर धरला की दाट झाडीतल्या ओहोळांच्या काठी एका चिमुकल्या पाहुण्याची लगबग सुरू होते. तिबोटी खंड्या हे त्याचे नाव. चोचीसह जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी, पण रंग असे की पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. पाठीवर निळी-जांभळी झाक, पोटाकडे पिवळा रंग आणि चोच तांबडी. मातीच्या उभ्या दरडीत आडवे बीळ खोदून तो घरटे करतो. नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या हौशी छायाचित्रकाराला हे बीळ सापडते, चोचीत पाल धरून उडणाऱ्या खंड्याचे उत्तम छायाचित्र मिळते आणि त्याच रात्री ते शेकडो समानधर्मीयांच्या मोबाईलवर पोहोचते. कौतुकाचा वर्षाव होतो. त्या कौतुकापाठोपाठ एक साधा प्रश्न येतो, ‘कुठे मिळाला?’

वन्यजीव छायाचित्रणाच्या क्षेत्रातील सध्याचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. ठिकाण सांगितले तर पुढच्या शनिवार-रविवारी त्या दरडीसमोर गाड्यांची रांग लागण्याचा धोका असतो. सांगितले नाही तर ‘ज्ञान दडवून ठेवतो’ असा आक्षेप येतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच काय दाखवावे, काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, याचा नीट विचार होणे गरजेचे आहे.

रोलचा काळ आणि आजचा वेग

निसर्गाची छायाचित्रे एकमेकांना दाखविण्याची प्रथा नवी नाही. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांनी निसर्गनिरीक्षणांच्या देवाणघेवाणीची परंपरा या भूमीत रुजवली. पुढे छायाचित्रण हौशी माणसाच्या आवाक्यात आले आणि पारदर्शिकांचे, म्हणजेच स्लाइडचे कार्यक्रम होऊ लागले. अंधारलेले सभागृह, पांढरा पडदा, स्लाइड सरकल्याचा खट्ट आवाज आणि छायाचित्रकाराचे निवेदन हा अनेक शहरांतील निसर्गप्रेमींच्या परिचयाचा अनुभव होता.

त्या काळी एका रोलमध्ये छत्तीस छायाचित्रे निघत. रोल संपायचा, तो धुऊन यायचा, त्यातून निवड व्हायची आणि मग कधीतरी कार्यक्रम ठरायचा. या सगळ्यात आठवडे, प्रसंगी महिने जात. प्रेक्षकांना घरट्याचे छायाचित्र दिसेपर्यंत पिल्ले उडून गेलेली असत. हा विलंब कोणी ठरवून केलेला नव्हता, तरी त्याने नकळत पक्ष्यांचे रक्षण केले.

डिजिटल कॅमेऱ्याने आणि मोबाईलने हा विलंब पुसून टाकला. आज सकाळी नऊ वाजता टिपलेले छायाचित्र सव्वानऊ वाजता सर्वत्र पोहोचलेले असते. प्राणी अद्याप त्याच पाणवठ्यावर, पक्षी त्याच घरट्यावर असताना! छायाचित्रकारांची संख्या तर वाढलीच, पण बातमी आणि घटना यांतील अंतरही उरले नाही. सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

देवाणघेवाण का हवी?

धोके आहेत म्हणून छायाचित्रे दाखवूच नयेत, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. या देवाणघेवाणीने अभ्यासाला जे दिले, त्याचे मोल मोठे आहे.

नवशिक्याला पहिला लाभ होतो तो ओळख पटण्याचा. वटवट्या, तिरचिमण्या, शिकारी पक्षी यांच्या ओळखीत मुरलेले निरीक्षकही चकतात. पंखावरची एखादी रेघ, शेपटीची लांबी, पायांचा रंग अशा बारकाव्यांवर निर्णय अवलंबून असतो. छायाचित्र चारचौघांपुढे ठेवले की कोणीतरी जाणकार चूक दाखवतो आणि कारणही सांगतो. फुलपाखरे, चतुर, कोळी, बेडूक यांच्या बाबतीत तर अशा सामूहिक शिक्षणाला पर्याय नाही. कारण या गटांची सोपी मराठी पुस्तके मोजकीच आहेत.

दुसरा लाभ शास्त्राला होतो. तारीख आणि ठिकाण यांची जोड असलेले छायाचित्र हा पुरावा असतो. २००२ मध्ये सुरू झालेले ‘ईबर्ड’, २००८ मध्ये सुरू झालेले ‘आयनॅचरलिस्ट’ यांसारख्या व्यवस्थांत जगभरचे हौशी निरीक्षक नोंदी आणि छायाचित्रे जमा करतात. भारतातील पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार करण्यात आला. एवढे काम कोणत्याही सरकारी खात्याला केवळ पगारी माणसांकडून करून घेता आले नसते.

रानपिंगळ्याची साक्ष

ठिकाणाची खरी नोंद किती मोलाची असते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीतले आहे. रानपिंगळा या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी केले. त्यानंतर या पक्ष्याचे अवघे काही नमुने मिळाले. त्यांतील बरेचसे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून गोळा केलेले होते. १८८४ नंतर पक्षी जणू अदृश्य झाला.

मात्र संग्रहालयात आणखी एक नमुना होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञाच्या संग्रहातील या नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे वर्ष आणि गुजरातेतील तापीकाठच्या मांडवीचे नाव होते. साहजिकच पुढच्या काळातील शोध या चिठ्ठीच्या आधारानेही झाले आणि निष्फळ ठरले. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या संग्रहाची कसून तपासणी केली, तेव्हा धक्कादायक सत्य बाहेर आले. तो नमुना डेव्हिडसन यांनीच पूर्वी गोळा केलेला होता. संग्रहालयातून तो चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे जुन्या, विश्वसनीय नोंदींच्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतर! त्यानंतर मेळघाटासह अनेक जंगलांत तो आढळला.

एका खोट्या चिठ्ठीने शोध भलतीकडे नेला आणि एका खऱ्या चिठ्ठीने हरवलेला पक्षी मिळवून दिला. आजचा छायाचित्रकार आपल्या छायाचित्राखाली ओळ लिहितो, तेव्हा तोही एक चिठ्ठीच लिहीत असतो. त्यामुळे ठिकाण लपविण्यासाठी भलत्याच गावाचे नाव टाकणे हा उपाय होऊ शकत नाही. ठिकाण सांगायचे नसेल तर ते मोघम ठेवावे. खोटे लिहू नये.

नाव छापले, प्राणी संपला

याच नाण्याची दुसरी बाजू चीनमध्ये दिसली. दक्षिण चीनमधील एका देखण्या पालीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे ती कुठे सापडली हेही त्यात होते. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ते वाचले आणि काही वर्षांतच मूळ ठिकाणाहून ही पाल नाहीशी झाली. अशा अनुभवांमुळे दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणे छापावीत की नाहीत, यावर ‘सायन्स’ या ख्यातनाम नियतकालिकात २०१७ मध्ये चर्चा झडली.

भारतातील अनुभवही सावध करणारा आहे. पन्ना येथील एका वाघाच्या गळपट्ट्यातील यंत्रणेकडून त्याच्या ठावठिकाण्याची माहिती ज्या ई-मेल खात्यावर येत असे, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाल्याचे २०१३ मध्ये उघडकीस आले. तो प्रयत्न फसला. पण प्राण्याच्या ठिकाणाला किंमत असते आणि ती मोजणारे लोकही असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. दक्षिण आफ्रिकेत गेंड्यांच्या छायाचित्रांसोबत ठिकाण जाहीर करू नका, असे आवाहन पर्यटकांना करण्यात येते, ते याच कारणाने.

गर्दी म्हणजेही संकटच

शिकारी आणि तस्कर दूरची गोष्ट झाली. प्रत्यक्षात अधिक वेळा हानी होते ती पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्यांच्याच गर्दीने.

तिबोटी खंड्याचेच उदाहरण घ्या. अंडी उबविण्यास सुमारे सतरा दिवस आणि पिल्ले उडून जाण्यास त्यानंतर सुमारे वीस दिवस लागतात. म्हणजे साऱ्या वंशवृद्धीचा डाव पाच-साडेपाच आठवड्यांचा. या काळात नर-मादी दिवसभर बेडूक, खेकडे, पाली, किडे शोधून बिळापर्यंत ये-जा करतात. बिळासमोर चार-पाच माणसे तिकाटण्या रोवून बसली की चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी दूरच्या फांदीवर ताटकळतो. तेवढ्या वेळा पिल्ले उपाशी राहतात. छायाचित्रकाराच्या हिशेबी तो ‘छान पोज देत’ असतो. प्रत्यक्षात तो घरी जायला घाबरत असतो.

उघड्या घरट्यांची स्थिती याहून नाजूक असते. पालक घरट्यावरून उठले की कोवळी पिल्ले आणि अंडी उन्हात तापतात किंवा पावसात गारठतात. नीट दिसावे म्हणून आड येणारी फांदी बाजूला केली तर जे कॅमेऱ्याला दिसते ते कावळ्याला आणि शिक्र्यालाही दिसू लागते. माणसांच्या पायवाटेमागून मांजर, मुंगूस घरट्यापर्यंत पोहोचते. एका छायाचित्रकाराने दहा मिनिटे थांबणे वेगळे आणि ठिकाण कळल्याने रोज दहा जणांनी तासभर थांबणे वेगळे. पहिल्याने सर्व काळजी घेतलेली असली, तरी पुढच्या नऊ जणांचे उत्तरदायित्व तो घेऊ शकत नाही.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याचा प्रकारही असाच. आपल्या हद्दीत दुसरा नर आला, असे समजून पक्षी भांडायला धावून येतो. विणीच्या हंगामात वारंवार असे घडले तर अन्न शोधण्याचा वेळ आणि शक्ती न दिसणाऱ्या शत्रूशी लढण्यात खर्ची पडते.

वाघाच्या बाबतीत काय घडू शकते, हे विदर्भाने पाहिले आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी अडवली. त्या प्रसंगाची दृश्ये समाजमाध्यमांवर पसरली. वाहनचालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दृश्ये पसरली म्हणूनच प्रकार उघडकीस आला, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. प्रसार हे दुधारी शस्त्र आहे. चुकीच्या वर्तनाला त्यातून उत्तेजन मिळते, तसेच त्याचा पुरावाही मिळतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या अनेकांच्या समजुतीपेक्षा व्यापक आहे. प्राण्याला ठार मारणे, पकडणे यांबरोबरच पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा आणणे हेही त्या व्याख्येत येते. म्हणजे हातात बंदूक नसली आणि कॅमेरा असला, तरी घरट्याशी केलेली छेडछाड कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी देण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवास किंवा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होता छायाचित्रण व चित्रीकरण व्हावे, ही अट स्पष्ट करण्यात आली.

चित्राच्या पोटात दडलेला पत्ता

ठिकाण लिहिले नाही म्हणजे ते गुप्त राहिले, असे मानण्याचे कारण नाही. मोबाईलने आणि अनेक कॅमेऱ्यांनी काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ‘एक्झिफ’ नावाची माहिती आपोआप साठवली जाते. त्यात तारीख, वेळ, भिंग यांच्यासोबत ‘जीपीएस’ सुरू असल्यास अक्षांश-रेखांशही असतात. अशी मूळ फाइल दुसऱ्याच्या हाती पडली की नकाशावर ठिकाण शोधण्यास क्षणभरही पुरतो. काही संदेशवाहक सेवा छायाचित्र पाठविताना ही माहिती गाळून टाकतात. मात्र तीच फाइल दस्तऐवज म्हणून पाठविली तर माहिती जशीच्या तशी जाते. त्यामुळे कॅमेऱ्यातील व मोबाईलच्या कॅमेऱ्यातील ठिकाणनोंद बंद ठेवणे किंवा पाठविण्यापूर्वी ती काढून टाकणे, हा पहिला उपाय होय. स्वतःच्या संग्रहातील मूळ प्रतीत ती राहू द्यावी; अभ्यासाला तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमीही बोलकी असते. देवळाचा कळस, धरणाची भिंत, डोंगराची ओळखीची सोंड किंवा पाणवठ्याचा क्रमांक लिहिलेला दगड दिसला तरी त्या भागातील माहितगार माणूस जागा ओळखतो. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात. परिचित वाघिणीचे छायाचित्र आणि ‘आज सकाळी’ एवढे दोन शब्द पुरेसे ठरतात.

मधला मार्ग

मग शास्त्राला ठिकाण हवे आणि प्राण्याला गुप्तता हवी, यांचा मेळ कसा घालायचा? जागतिक नोंदव्यवस्थांनी यावर एक उपाय शोधला आहे. ‘आयनॅचरलिस्ट’वर संकटग्रस्त जातींची नेमकी जागा सर्वांना दिसत नाही, अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकटीतील कोणताही एक बिंदू दाखविला जातो. खरी जागा व्यवस्थेकडे सुरक्षित राहते आणि अभ्यासकाला ती परवानगीने मिळू शकते. ‘ईबर्ड’नेही २०१७ पासून संवेदनशील जातींच्या नोंदी सर्वांसाठी धूसर करण्याची पद्धत स्वीकारली. नोंद नेमकी, पण प्रदर्शन धूसर हे यामागील तत्त्व आहे.

मित्रमंडळींतही हेच तत्त्व पाळता येते. सर्वसाधारण जातींचे ठिकाण मोकळेपणाने सांगण्यास हरकत नाही. तलावावरचे बगळे, शेतातला नीलकंठ, घराच्या कुंडीवरचे फुलपाखरू यांना प्रसिद्धीने धोका नाही. उलट, त्यामुळे एखाद्या दुर्लक्षित पाणथळ जागेचे महत्त्व लोकांना आणि प्रशासनाला कळते. घरटी, घुबडांच्या ढोली, दुर्मिळ बेडूक-साप, संकटग्रस्त पक्षी, बछड्यांसह असलेली वाघीण यांच्या बाबतीत मात्र केवळ जिल्हा लिहावा आणि छायाचित्र हंगाम उलटल्यावर दाखवावे. नेमकी नोंद वन विभागाला किंवा विश्वासू अभ्यासकाला कळवावी.

खरेपणाची कसोटी

छायाचित्राची प्रतिष्ठा त्याच्या खरेपणावर उभी असते. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या जगन्मान्य स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र सर्वोत्कृष्ट ठरले होते. लांडगा माणसाळलेला असल्याचे मत झाल्याने २०१० मध्ये ते पारितोषिक काढून घेण्यात आले. २०१७ च्या स्पर्धेत एका गटात विजयी ठरलेल्या छायाचित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याच्या निष्कर्षावरून २०१८ मध्ये तेही बाद झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने न घडलेले प्रसंगही हुबेहूब तयार करता येतात. मानव-वन्यजीव संघर्ष असलेल्या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्याचे बनावट दृश्य पसरले तर गावोगाव भीती पसरते आणि तिची किंमत शेवटी वाघालाच मोजावी लागते. म्हणून पुढे पाठविण्यापूर्वी दृश्य कोणी, केव्हा टिपले हे विचारणे अगत्याचे झाले आहे.

छायाचित्राखाली जातीचे नाव, महिना, जिल्हा, अधिवास आणि प्राणी काय करीत होता ही माहिती असावी. प्राणी बंदिस्त असल्यास, आवाज वाजवून किंवा खाद्य ठेवून बोलाविलेला असल्यास तसे स्पष्ट लिहावे. संगणकावर मोठे फेरफार केले असल्यास तेही सांगावे. पाहणाऱ्यांनीही केवळ ‘अप्रतिम’ म्हणून थांबू नये. हे छायाचित्र कसे मिळाले, असे सौम्यपणे विचारण्याची प्रथा पडायला हवी. समूहाच्या कौतुकातूनच नवशिक्याच्या सवयी घडतात. घरट्याच्या छायाचित्राला दाद मिळेनाशी झाली आणि दूरवरून टिपलेल्या, अधिवासासह दिसणाऱ्या पक्ष्याला ती मिळू लागली, तर कोणताही नियम न करता घरट्यांसमोरची गर्दी ओसरेल.

रोलच्या काळात जो विलंब आपोआप होत असे, तो आता छायाचित्रकाराने जाणीवपूर्वक पाळायचा आहे. जूनमध्ये टिपलेला तिबोटी खंड्या सप्टेंबरमध्ये दाखविला, तर त्याचे रंग फिके पडत नाहीत. पण तेवढ्या काळात दरडीतल्या बिळातून पिल्ले उडून गेलेली असतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच ओहोळावर पुन्हा एखादी निळी रेघ चमकून जाण्याची आशा शिल्लक राहते.